पाणी वाळू घालणारी

एप्रिल सरताना काकिनाड्याहून घरी आले
तेव्हा पिशवीत पाच लिटर समुद्र होता.
लाखांदूरच्या गाडीत कंडक्टरनं कॅन ठोकून पाहिला,
तूप का? म्हटलं, पाणी आहे.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग कॅनकडं,
आणि सामानाचं तिकीट काही फाडलं नाही.

छतावर झिंग्यांची सुपं वाळत होती.
त्यांच्या शेजारी घंगाळात मी तीन बाटल्या ठेवल्या:
एक साध्या काचेची,
एक स्फटिकाची, माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी,
आणि एक चंदेरी कागदात गुंडाळलेली,
जिला ऊन कळूच द्यायचं नव्हतं.

आई फडावरून आली. बोटं तेंदूच्या चिकानं काळी.
"काहून वो, आता पाणी बी वाळू घालतेस?"

काय सांगू.
हे पाणी मी गाळलंय, पुन्हा गाळलंय,
तरी यात पान आहे.
गाळणीच्या भोकाहून बारीक झालेलं पान,
ऐनाचं, मोहाचं, बांधावरच्या पळसाचं,
आपल्या तलावात कुजून कुजून चहा झालेलं.
सांडव्यावरून नाल्यात, नाल्यातून चुलबंदीत,
मग वैनगंगा, मग प्राणहिता, मग गोदावरी,
आणि मुखाशी खाऱ्या पाण्यात ते शिरतं
तेव्हा बोटीवरून पाहावं तर
निळ्यात एक पिवळट कड दिसते, वितळत गेलेली.
ती कड आपली आहे, आई.
पुरी नाही. थोडी.

"मग त्याले ऊन कायले दाखवतेस?"

दाराला तिचं जुनं पातळ पडद्यासारखं टांगलेलं.
मी घडी उलगडली. आत हिरवं,
बाहेर भाताच्या पेंढ्यासारखं.
तिनं हात फिरवला दोन्हीवरून.
"हां," म्हणाली, आणि घंगाळातलं तापलेलं पाणी
स्वतःच बदलून आणलं.
पुढं रोज तीच बदलायची. मला न विचारता, दुपारी दोनदा.

जांभळ्याच्या पलीकडचं ऊन डोळ्याला दिसत नाही,
साध्या काचेला त्यातलं फार थोडं ओलांडता येतं.
स्फटिक त्याला अडवत नाही.
ते आत जातं आणि पानाच्या उरलेल्या लांब साखळ्या
जिथं रंग धरून बसल्यात तिथंच तोडतं.
काही तुकडे हवा होऊन निघून जातात.
काही इतके लहान होतात
की डोळ्याला न दिसणारे जीव ते गिळतात, जसं लहान लेकरू मऊ भात.
आणि काही, हे मला अजून नीट कळलेलं नाही,
उन्हानं उलट कडक होतात,
मग त्यांना कुणी खात नाही, फार फार वर्षं.

मे महिन्याच्या बाराव्या दिवशी
भंडाऱ्याकडं शेहेचाळीसच्या वर पारा गेला म्हणे.
फडावर पुडे पलटायला पहाटे तीनला बायका गेल्या.
स्फटिकातलं पाणी तेव्हा जवळजवळ बिनरंगी झालं होतं,
काचेतलं जरासं फिकं,
कागदातलं आलं तसंच, हट्टी.
मी वहीत तीन आकडे लिहिले.

वर गेले तर घंगाळात चौथी बाटली.
सलाईनची, प्लास्टिकची, झाकणाला चिंधी.
आत तलावाचं पाणी, तळाशी चिमूटभर गाळ.
असला नमुना मोजत नाहीत.
गाळलेला नाही, मोजलेला नाही, भांडंही चुकीचं.

आई जिन्यात उभी होती.
"आपल्या तऱ्याचा रंग बी जाते का, पायतो."
"जाईल थोडा," मी म्हटलं.
"कोठी जाते मंग?"
मी वर बोट केलं. तिनं वर पाहिलं, डोळे किलकिले करून,
मग स्वतःच्या बोटांकडं, दोन्ही बाजूंनी.
"माह्या हाताचा त जाईना," म्हणाली,
आणि झिंगे पलटायला बसली.

वहीत मी चौथी ओळ आखली.
तारीख लिहिली. आकड्याची जागा
अजून रिकामी आहे.